आधी मेला, मग लहान झाला

सहा वर्षांपूर्वी मी बायकांना सांगितलं, की मेलेला माणूस पुन्हा जन्माला आलाय. चांगलं ठणकावून सांगितलं. तेव्हा मी लहान होते, जेमतेम त्रेसष्ट वर्षांची, आणि त्या वयात बाईला सगळंच कळत असतं. चष्मा नाकावर, हातात नातीचा पाटीएवढा टॅब, समोर कांद्याचा ढीग आणि ढिगाभोवती बसलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघतायत. अशा वेळी माणूस चुकतो तोही ऐटीत चुकतो.

झालं होतं ते असं. जपानी कार्टून, ज्याला पोरं अ‍ॅनिमे म्हणतात, त्यातल्या एका गोष्टीचा बारा एपिसोडांचा पहिला भाग आम्ही संपवला. शेवटी त्यातला नायक, नदीवरचा एक तरणा नावाडी, बुडून मेला. अ‍ॅपवर त्याच्या खालीच दुसरा भाग होता. तो लावला, तर तोच नावाडी आठ वर्षांचा होऊन अंगणात गोट्या खेळत होता. गालावर तोच तीळ, त्याच जाड भुवया. आपल्या मालिकांत मेलेला नवरा तिसऱ्या महिन्यात नवा चेहरा लावून परत येतो आणि बायको त्याला ओळखत नाही, हे आयुष्यभर बघितलेल्या बाईनं काय समजावं? मी म्हटलं, पुनर्जन्म. खरं तर तो भाग काढला होता नंतर, पण गोष्ट होती आधीची. नावाड्याचं लहानपण. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि मी कोण, तर तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘घटना योग्य क्रमाने लावा’ हा प्रश्न तपासलेली बाई. क्रम चुकला की अर्धा गुण कापून, वर पोराच्या वहीत ‘लक्ष कुठे असते?’ असं लाल शाईनं लिहिणारी. आता वाटतं, त्यातल्या एखाद्या पोरानं येऊन माझ्याही कपाळावर तेच लिहावं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण, कांदा निघालाय. आमच्या घोडेगावच्या शिवारात चैत्र सरला की वाऱ्याला एक वास येतो. कापलेल्या पातीचा, तापलेल्या मातीचा आणि कांदा साठवायच्या चाळीच्या बांबूंवर साचलेल्या धुळीचा. ओसरीवर बसले होते, तो वास आला आणि नेमका त्याच वेळी मोबाईल टणकन वाजला. आमच्या अ‍ॅनिमेच्या ग्रुपवर बातमी, त्या नावाड्याच्या गोष्टीचा तिसरा भाग येतोय. बातमी आली रे आली की भांडण सुरू. नव्या माणसानं आधी कुठला भाग बघावा? निघाला त्या क्रमानं, की घडला त्या क्रमानं? नगरची, संगमनेरची, पाथर्डीची मिळून वीस-बावीस पोरं आहेत त्या ग्रुपवर आणि एक म्हातारी. म्हातारी मी. ह्या प्रश्नावर माझ्याइतका अधिकार कुणाचाच नाही, पण मला विचारतंय कोण?

तर तो सहा वर्षांपूर्वीचा हंगाम.

आमच्याकडे कांदा निवडायचं काम सावडीनं चालायचं. आज माझ्या चाळीवर सगळ्याजणी, उद्या लंकाबाईच्या, परवा जुबेदाभाभींच्या. मोठा कांदा एका बाजूला, बारीक गोल्टी दुसऱ्या बाजूला, आणि जाड मानेचा डेंगळा वेगळा, कारण तो चाळीत टिकत नाही, शेजारच्यालाही सडवतो. हात आपोआप चालतात. डोकं मात्र रिकामं राहतं, आणि रिकाम्या डोक्याच्या पाच बायका एकत्र बसल्या की गावातल्या सुनांचं काही खरं नसतं. एक गोष्ट शहरातल्या माणसांना सांगून पटत नाही, तरी सांगते. वाळलेला कांदा निवडताना डोळ्यांत पाणी येत नाही. पाणी येतं ते चिरताना. तेव्हा त्या उन्हाळ्यात आमच्यापैकी कुणी डोळे पुसले असतील, तर ते कांद्यानं नव्हे. ही पळवाट मी कुणाला देणार नाही, स्वतःलाही नाही.

माझी नात मनवा, नगरला राहणारी, नववीची परीक्षा देऊन सुटीला आली होती. तिच्या टॅबवर दिवसभर ही कार्टुनं. मी आधी माझ्या स्वभावाप्रमाणे नाक मुरडलं. ह्या नाकाचा इतिहास मोठा आहे. मनवाचा बाप लहान असताना रविवारी सकाळी टीव्हीवर हिंदी बोलणारं असलंच एक जपानी कार्टून लागायचं. पोरगं दात न घासता त्याच्यासमोर बसायचं. मी उठायचे, बटण बंद करायचे आणि म्हणायचे, “एकोणीसचा पाढा म्हण.” एकोणीसचा! मला स्वतःला अजून अडखळायला होतं. पण तेव्हाची मी म्हणजे काय, इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा आणि जगातली सगळी हलती चित्रं पोरांना बिघडवायलाच काढलीत ही खात्री. त्या बाईला आज भेटले, तर तिचा अंबाडा सोडून देईन.

मनवानं माझ्या नाकाकडे दुर्लक्ष केलं. म्हणाली, “आजी, फक्त एक एपिसोड बघ. बोअर झालं तर मी दिवसभर कांदे निवडीन.” मी पैज म्हणून बघितला. आणि पोरीला त्या दिवशी एकही कांदा निवडावा लागला नाही.

तो नावाडी, त्याची दम्यानं खोकणारी आजी, नदीवरचा अर्धा कोसळलेला पूल आणि पूल नाही म्हणून लोकांना या काठाहून त्या काठावर नेण्याचं त्याचं काम. एवढीच गोष्ट. पण पाणी काय काढलं होतं! आमच्या कोरड्या मुलखात बसून ते पाणी बघताना घशाला गारवा यायचा. मी दुसऱ्या दिवशी टॅब घेऊनच सावडीवर गेले. कांद्याचं प्लास्टिकचं कॅरेट उपडं घातलं, त्यावर टॅब उभा केला. दुपारी भाकरी खाऊन झाली की कडुलिंबाखाली एक एपिसोड.

अडचण भाषेची. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. लंकाबाईला अक्षरओळख नाही. बाकी दोघींना इंग्रजी नाही. जुबेदाभाभींना तर तेव्हा मोतीबिंदूनं समोरचं माणूसही धुक्यातून आल्यासारखं दिसायचं. तेव्हा अक्षरं वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे. सगळ्यांचे आवाज मीच काढायचे. नावाडी मी, आजी मी, त्याच्याशी सारखी भांडणारी कोळ्याची पोर मी, नदीसुद्धा मी.

“बाई, जरा कमी वरडा,” लंकाबाई म्हणायची. “बैल बुजतोय.”

आता ग्रुपवरची पोरं ह्यावरून युद्ध करतात. मूळ जपानी आवाजात बघणारे ते खरे रसिक, हिंदीत बघणारे अडाणी. एक पोरगा आहे, त्याच्या फोटोत तलवार आहे, तोंडावर अजून धड मिशी नाही. तो लिहितो, “हिंदीत बघणं म्हणजे अपमान आहे.” कुणाचा रे अपमान, बाळा? तू मूळ आवाजात बघतोस म्हणजे खाली इंग्रजीच वाचतोस ना? जपानी तुझ्या आत्याला तरी येतं का? मी त्याला लिहिलं, “आम्ही मराठीत बघितलं. डबिंग कलाकार एकच, मानधन चहा.” त्यावर त्यानं रडका चेहरा पाठवला. की हसरा? मला ते पिवळे चेहरे नीट ओळखू येत नाहीत, आणि ओळखू आले तरी मी घाबरत नाही.

दुसरं युद्ध काळाचं. म्हणे, हातानं चित्रं काढायचे तो काळ सोन्याचा, आता सगळं संगणकाचं, आत्मा गेला. हे कोण म्हणतंय? विशीतली पोरं. ज्यांचा जन्म व्हायच्या आधी तो काळ संपला होता, तीच त्याच्या नावानं उसासे टाकतात. माझ्या वयाच्या बाईला ‘जुनं ते सोनं’ ऐकवू नका. मी जुन्यात राहून आलेय. जुन्यात चुलीचा धूर होता, लांबचं पाणी होतं आणि टीव्ही बंद करून एकोणीसचा पाढा म्हणायला लावणारी एक आई होती. नवं काढलेलं पाणीसुद्धा ओलं असतं, बघणाऱ्याला तहान असली म्हणजे झालं.

भाभींबद्दल सांगायला हवं. जुबेदाभाभी आमच्या बांधाशेजारच्या. चाळीस वर्षांचा शेजार. त्यांचे मालक नालबंद होते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचे. त्या हंगामाच्या दीड वर्ष आधी बाजारातून सायकलवर येताना टेम्पोनं उडवलं, जागीच गेले. तेव्हापासून भाभी बोलायच्या कमी झाल्या. सावडीला यायच्या, मान खाली घालून निवडायच्या, नुसत्या स्पर्शानं डेंगळा ओळखायच्या, आणि जायच्या. पण गोष्ट सुरू झाली तशा त्या कॅरेटच्या जवळ सरकून बसू लागल्या. चौथ्या एपिसोडला मला म्हणाल्या, “त्या म्हातारीला दमा हाय. अडुळसा दे म्हनावं.” दीड वर्षात त्यांचं न विचारता बोललेलं ते पहिलं वाक्य. ते मी त्या नावाड्याला कळवू शकले नाही ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

बाराव्या, शेवटच्या एपिसोडला नदीला पूर आला. कोळ्याची पोर पलीकडे अडकलेली. त्यानं तिला आणलं आणि शेवटच्या फेरीत स्वतः गेला. मी शेवटची ओळ वाचली आणि चष्मा काढून पदराला पुसला. लंकाबाई म्हणाली, “मेला? आसं कसं? हिरो हाय ना त्यो?” भाभींनी ओंजळीतला कांदा खाली ठेवला, पदर झटकला आणि चहासुद्धा न घेता निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सावडीला आल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत.

आणि मग मला तो दुसरा भाग दिसला. पहिली पाच मिनिटं बघितली आणि मी चपला न घालता बांध ओलांडून त्यांच्या दारात.

“भाभी! आला तो परत! जन्म घेतला त्यानं!”

भाभी बाजेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, “आमच्यात पुनर्जन्म नसतो, बाई.” मग पायानं चपला चाचपत म्हणाल्या, “पन त्यांच्यात असंल तर बघू.”

आल्या. आणि मी पुढचे दहा दिवस असं काही सांगत सुटले, की एखाद्या पुराणिकानं हात टेकावेत. अडचणी येत होत्या, नाही असं नाही. घर तेच. मी म्हटलं, आत्मा ओढीनं त्याच घरी येतो. आजी तीच, पण चांगली धडधाकट, स्वतः वल्हं मारणारी. मी म्हटलं, ही तिची धाकटी बहीण. सगळ्यांत वाईट म्हणजे तो पूल. पहिल्या भागात अर्धा कोसळलेला पूल इथे अख्खा उभा होता, नवाकोरा. मी म्हटलं, “सरकारनं दुरुस्त केला.”

लंकाबाईनं हातातली गोल्टी खाली ठेवली. “येवढ्यात? आपल्या वढ्यावरचा मोरीचा पाईप अजून आडवा पडलाय. जपान लई म्होरं गेलाय बाई.”

तरी मला शंका आली नाही. बुद्धी जाते तेव्हा मागे वळून टाटा करत नाही.

मनवा तोवर दहावीच्या जादा वर्गांसाठी नगरला परतली होती. तिनं हौसेनं मला त्यांच्या ग्रुपमध्ये घातलं होतं, टॅब माझ्याकडेच ठेवला होता. एका सकाळी मी तिथे लिहिलं, शुद्धलेखन दोनदा तपासून: ‘दुसऱ्या भागात पुनर्जन्माची कल्पना अतिशय संयतपणे हाताळली आहे.’

पुढची दहा मिनिटं मोबाईल ओट्यावर थरथरत राहिला. पिवळे चेहरे, पिवळे चेहरे. शेवटी तलवारवाल्यानं लिहिलं, “आजी, ते त्याचं लहानपण आहे. आधीची स्टोरी.” मी वाचलं. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. सगळं एका क्षणात समोर आलं. पूल, आजी, घर. अर्धा गुण कशाला, शून्य.

मनवाचा फोन आला. “आजी, तू सगळ्यांना हेच सांगितलंयस? त्या आज्ज्यांना?”

“हो.”

“अगं, मग एंडिंगचा अर्थच उलटा होतो ना! शेवटच्या एपिसोडमध्ये तो पहिल्यांदा वल्हं हातात घेतो. तुझ्या स्टोरीत ते हॅपी आहे, म्हणजे त्याला दुसरा चान्स मिळाला. खरं तर तो तिथून मरायलाच निघालाय. तुला सांगावं लागेल त्यांना.”

“नाही सांगितलं तर?”

“आजी, तू टीचर होतीस.”

पोरीनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. शेवटचा एकच एपिसोड उरला होता. आणि त्यात आणखी एक त्रांगडं. अ‍ॅपवर त्या गोष्टीखाली लाल अक्षरं आली होती, महिनाअखेर इथून जाणार. त्या अ‍ॅपचे हक्क संपले होते म्हणे. पुस्तक विकत घेतलं की ते फडताळात राहतं, वाळवी लागेपर्यंत तरी आपलं. इथे आपण पैसे भरायचे आणि गोष्ट मात्र भाडेकरूसारखी गाठोडं बांधून निघून जाणार. ग्रुपवरची पोरं म्हणाली, आजी, फुकटच्या साईटवर बघ. एकदा तसलं उघडलं होतं. नावाडी दिसायच्या आत अर्धी वस्त्रं घातलेल्या एका बाईनं ‘मी तुझ्या गावात एकटी आहे’ असं मला कळवलं. आमच्या गावात! मी टॅब पालथा घातला. चोरीचं नको. चोरीच्या गोष्टीला शेजार फार वाईट असतो. तेव्हा जे काय सांगायचं, बघायचं, ते दुसऱ्या दिवशी, महिन्याच्या शेवटच्या दुपारीच.

त्या सकाळी मी बांधावर दोन खेपा उगाच घातल्या. खरं सांगितलं तर भाभींचा नावाडी पुन्हा एकदा मरणार, आणि ह्या वेळी मारणारी मी. मग त्या बाजेवरून परत उठतील का? आणि नाही सांगितलं तर? त्यांना दिसत नव्हतं म्हणून तर माझ्या जिभेवर विश्वास होता. आंधळ्या विश्वासाला फसवायचं म्हणजे काट्यात माप मारण्यासारखं. मी बरीच पापं हसत केलीत, ते होईना.

काही शहाण्या बायका आजही मला म्हणतात, “ह्या वयात कार्टुनं काय बघता? देवाचं काही वाचा.” त्यांना मी एवढंच विचारते, की कुणाच्या मेल्या-जगल्याचं ओझं तुम्ही शेवटचं कधी असं पोटात घेऊन फिरला होतात? मी एका काढलेल्या चित्रातल्या पोरासाठी फिरले. लाज वाटत नाही. तिसरा भाग आला की पहिल्या दिवशी बघणार आहे, आणि ज्याला हसायचं त्यानं माझ्या ओसरीवर येऊन हसावं. चहा देईन.

दुपारी भाकरी झाली. बायका कडुलिंबाखाली बसल्या. मी टॅब कॅरेटवर ठेवला, पण लावला नाही. उभी राहिले. शाळेतून निवृत्त होताना निरोप समारंभाला उभी राहिले होते, तशी.

“मी चुकले,” म्हटलं. “पुनर्जन्म वगैरे काही नाही. हे त्याचं लहानपण आहे, आधीचं. म्हणून पूल चांगला, म्हणून आजी धडधाकट. तो परत आलेला नाही. आजच्या एपिसोडला तो वल्हं हातात घेईल. आणि पुढे काय होतं ते आपण आधीच बघितलंय.”

लंकाबाई पेटली. “म्हंजी धा दिस आमाला येड्यात काढलं? आन् सरकारनं पूल बांधला म्हनून म्या घरी जाऊन भांडले, जपानचं बघा म्हनून!” मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “शाळंत आमच्या पोरांला मारायच्या की तुमी चुकल्यावर. आता तुमाला कोन मारायचं?” बाकीच्या दोघी हसल्या. मीही हसले असते, पण माझं लक्ष भाभींकडे होतं.

त्या निवडतच होत्या. एक कांदा चाचपला, गोल्टीत टाकला. दुसरा चाचपला, तो ओंजळीत तसाच राहिला. मला वाटलं, आता पदर झटकतील.

“भाभी,” मी म्हटलं, “माझं चुकलं. तुम्हाला खोटी आशा लावली.”

भाभींनी धुकट डोळे माझ्या आवाजाच्या दिशेनं फिरवले आणि बोलल्या. शब्द न् शब्द आठवतो, तसाच देते.

“मला दुसऱ्याच दिवशी कळलं हुतं, बाई. तुमच्या आवाजाखाली त्या म्हातारीचा आवाज त्योच हुता, फकस्त तरना झाल्ता. तुमी अक्षरं बघत हुत्या, मी ऐकत हुते. बोलले न्हाई, कारन मला ह्योच क्रम पायजे हुता. आमचे गेल्यापासून जो येतो त्यो टेम्पोचंच इचारतो. कुठं धडक बसली, किती वाजता, कोन्या अंगाला पडले. बैलाच्या खुराला हात लावायच्या आधी त्याच्या कानात ते काय बोलायचे, हे आजपातुर एकानं इचारलं न्हाई. मरन सगळ्यांला ठाऊक आसतं, बाई, त्याच्या आधीचं कुनी दावत न्हाई. तुमी दावलं. आता लावा त्यो भाग, आन् आज तुमी बोलू नका, मला त्या पोराचाच आवाज ऐकू द्या.”